गावासकट हजेरी

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. तास पस्तीस मिनिटांचा, आणि त्यातली दहा मिनिटं ते हजेरीत घालवायचे. मी त्या शाळेत शिपाई होते. घंटा माझ्याकडं असल्यामुळं कुणाचा तास कुठं जातो ते मला बरोबर कळायचं.

बाकीचे मास्तर नंबर पुकारायचे. एक, हजर. दोन, हजर. रेघ ओढली की झालं. हे सर पुकारायचे, "बालाजी विठ्ठल, चाकूर." पोरगं उठून हजर म्हणायचं. सर चष्म्याच्या वरून त्याच्याकडं बघायचे आणि मग कागदावर खूण करायचे. "शबाना महेबूब, औसा." तिच्याकडं बी तसंच बघायचे. साठ पोरं असली तरी साठ वेळा.

नाव, बापाचं नाव, गाव. आडनाव घ्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आडनावाला उभं राहता येत न्हाई, आक्का. पोराला येतं."

मला ते आक्का म्हणायचे. मी त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. माझा नवरा त्याच शाळेत शिपाई होता. तो वारल्यावर त्याच्या जागी मला लावलं. मी चौथी पास होते, तेवढं शिक्षण पुरलं.

सर नांदेडचे. जुनं मुसलमान घर, बापाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. घरी आई आणि बायको. लातुरात ते एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की नांदेडची गाडी धरायचे. रोज्याच्या महिन्यात घसा कोरडा पडून आवाज निघत नसायचा, तरी हजेरी तशीच, गावासकट. हेडमास्तर म्हणायचे, "सर, निदान या महिन्यात तरी नंबर घ्या." सर म्हणायचे, "पोरांनी कुठं रोजा धरला हाय?"

त्यांच्याकडं सायकल होती. तिच्यावर बसलेलं मी त्यांना अठरा वर्षांत दोनदा बघितलं असेल. खोलीपासून शाळेपर्यंत ती हातात धरून चालत यायचे. एकदा भाजीबाजारात मी म्हणाले, "सर, बसत नसाल तर विकून टाका की." तर म्हणाले, "बसलं की लई लवकर पोचतो, आक्का. वाटंत कुणी बोलायला घावत न्हाई." मग घेतली कशाला, तर मेथीच्या जुड्या आणि वह्यांचे गठ्ठे लटकवायला. असा माणूस.

लोक सांगतात की सर भूकंपामुळं असे झाले. वर्तमानपत्रात सुद्धा कुणीतरी तसं लिहिलं होतं. ते खोटं आहे. मी भूकंपाच्या आधी सहा वर्षं त्यांची हजेरी ऐकत होते. माणसाच्या खोडीला काहीतरी मोठं कारण असावं असं लोकांना वाटतं. त्यांच्या खोडीला काही कारण नव्हतं. स्वभाव होता.

भूकंपात एवढंच झालं, की ती खोड कामाला आली. त्या वर्षी गणपती बुडवून आम्ही झोपलो आणि पहाटे फळीवरची भांडी खाली आली. लातुरात आम्ही रस्त्यावर बसून राहिलो, पण खालच्या गावांत माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. आठवडाभरात मास्तरांना तिकडं याद्या करायला पाठवलं. सरांबरोबर मला पाठवलं, चहापाणी आणि कागद सांभाळायला. पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल होतं. माणसं रांगेनं यायची आणि सर प्रत्येकाला घरातल्या माणसांची नावं विचारायचे. बापाच्या नावासकट. गेलेल्यांची बी, राहिलेल्यांची बी. एक साहेब जीपमधून उतरून ओरडला, "मास्तर, नावं राहू द्या, आकडा द्या. मला वर कळवायचाय."

सर मान खाली घालून लिहीतच राहिले. म्हणाले, "साहेब, बेरीज शेवटी करतात."

साहेब पाय आपटत गेला. रांगेतला एक म्हातारा ते ऐकून हसला. त्याचं घरातलं कुणी राहिलेलं नव्हतं, आणि तो हसला. परत आल्यावर सरांनी पहिल्याच तासाला हजेरी घेतली, आधी घ्यायचे तशीच. मला त्यात काही फरक दिसला नाही.

आता त्यांची पक्की नोकरी कशी गेली ते सांगते. तीही हजेरीनंच गेली.

आमच्या शाळेची पटसंख्या उतरत चालली होती. लोक पोरांना इंग्रजी शाळेत घालून राहिले होते. पोरं कमी झाली की तुकडी बंद होते, तुकडी गेली की मास्तराची एक जागा जाते. म्हणून संस्थेनं पटावर खोटी नावं चढवली. आमचीच शाळा तसं करायची असं नाही. गेलेली पोरं, लग्न झालेल्या पोरी, कधी आलीच नाहीत अशी पोरं, सगळी पटावर. बाकीचे मास्तर नंबर घ्यायचे, त्यामुळं त्यांना जड जात नव्हतं. सर नाव पुकारायचे आणि थांबायचे. कुणी उठलं नाही की गैरहजर. त्यांच्या वर्गात रोज सोळा पोरं गैरहजर असायची.

तपासणी येणार असं कळलं, तेव्हा हेडमास्तरांनी दुसऱ्या एका शाळेतून सोळा पोरं एका दिवसासाठी उसनी आणली. आमच्या शाळेचे गणवेश मी आदल्या दिवशी धुऊन वाळत घातले होते, ते त्यांना घातले. प्रत्येकाला एक नाव पाठ करायला दिलं. तपासणीचे साहेब मागच्या बाकावर येऊन बसले आणि हेडमास्तर सरांना म्हणाले, "घ्या हजेरी." म्हणताना त्यांनी हात जोडले. मी दारातून बघितलं.

सरांनी घेतली. "बालाजी विठ्ठल, चाकूर."

खरा बालाजी कधीच शाळा सोडून गेला होता. एक बारकं पोरगं उठलं. "हजर."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "चाकूरहून रोज येतोस का रं?"

हेडमास्तरांनी पोरांना नावं दिली होती, गावं द्यायची राहिली होती. पोरगं गांगरलं. म्हणालं, "न्हाई सर, मी हितंच राहतो. दूध डेअरीच्या मागं."

"मग चाकूर कुणाचं?"

"मला न्हाई ठाऊक सर. मला नुसतं बालाजी सांगितलंय."

वर्ग हसला. साहेब बी हसले. पुढचं पोरगं एवढं घाबरलं की उठून स्वतःचं खरं नाव, बापाचं नाव, शाळेचं नाव, सगळं सांगून बसलं. हेडमास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी घंटा दिली, वेळ झाली नव्हती तरी दिली. पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

तुकडी गेली. एक जागा कमी झाली. नियमानं सगळ्यात शेवटी लागलेला मास्तर जातो. ती एक तरुण बाई होती, पोर अंगावर पिणारं. तिला देवणीकडं कुठंतरी टाकायचं ठरलं. शाळेत कुणी सरांशी बोलेना. चहा आणला की त्यांचा कप टेबलावर एकटा राहायचा. एक मास्तर सरळ तोंडावर म्हणाला, "तुम्ही खरे राहिलात सर, आणि त्या बाईचं घर मोडलं."

सरांनी महिन्याभरात राजीनामा दिला. त्यांची जागा मोकळी झाली म्हणून ती बाई राहिली. मी खोलीवर जाऊन भांडले. म्हणाले, "सर, अठरा वर्षं झाली. दोन वर्षं कळ काढा. वीस भरली की निदान पेन्शन मिळंल. असं सोडून गेलात तर एक दमडी न्हाई."

"ठाऊक हाय, आक्का."

"मग अक्कल गहाण टाकली का?"

"हजेरी माझी होती," ते म्हणाले. "मग जागा दुसऱ्याची कशी जाईल? हिशोब चुकतो."

मी त्यांना येडे म्हणाले. अजून बी म्हणते.

तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. लांबलांबची पोरं डॉक्टर, इंजिनियर व्हायला यायची, आणि ज्याच्या घरावर एक मजला होता त्यानं वर दोन चढवून खोल्या भाड्यानं दिल्या होत्या. सरांच्या हाताखालून गेलेल्या एका पोराचा मोठा क्लास होता. पाच मजले, काचेचं दार. त्यानं सरांच्या पाया पडून त्यांना नेलं. करार अकरा महिन्यांचा. बारावा महिना मोकळा, मग नवा करार. सलग नोकरी झाली असं पुढं कुणी म्हणू नये म्हणून तशी सोय असते. सर म्हणाले, "इतकी वर्षं गणित शिकवलं, अकरा महिन्यांचं वर्ष पहिल्यांदाच बघून राहिलो."

मी पुढं काही वर्षांनी शाळेतून निवृत्त झाले. पेन्शन सुरू झाली. पण दिवसभर सुनेच्या डोळ्यापुढं बसणं मला जमेना आणि तिला बी जमेना. म्हणून एका ठेकेदाराकडून त्याच क्लासमध्ये झाडलोटीला लागले. अकरा महिन्यांचंच. तिथं सर परत भेटले. पंचावन्न ओलांडली होती. नांदेडला आई अंथरुणाला लागलेली, आणि या क्लासशिवाय दुसरीकडून एक पैसा येत नव्हता. पंचावन्नच्या पुढच्या मास्तराला नवीन कुणी घेत नाही, ते त्यांना ठाऊक होतं.

आणि तिथं बी हजेरी चालूच. सकाळी सातची बॅच, दोनशे साठ पोरं, आणि सर माईकवर नाव, बापाचं नाव, गाव. दाराला मशीन होतं. पोरांनी कार्ड लावलं की टुणकन वाजायचं आणि आईबापाच्या फोनवर निरोप जायचा, तुमचा मुलगा वर्गात हजर आहे. क्लासवाला म्हणायचा, "सर, मशीन घेतंय ना हजेरी." सर म्हणायचे, "मशीन कार्ड बघतं बाबा, तोंड न्हाई बघत." पोरांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिलं, सर चांगले आहेत पण हजेरी बंद करा. एप्रिलमध्ये करार संपायचा होता. शेवटी सरांनी तडजोड केली. अर्धी पोरं आज, अर्धी उद्या. आयुष्यात मी त्यांना वाकलेलं बघितलं ते तेवढंच.

फेब्रुवारीतली गोष्ट. एका गुरुवारी तास संपल्यावर सर जिन्यात माझ्याजवळ आले.

"आक्का, रेखा परसराम, किनवट. मंगळवारी नव्हती, आज बी न्हाई. मशीन म्हणतंय रोज हजर हाय. मला पोरींच्या खोल्यांवर जाता येत न्हाई. तुम्ही चला."

मी म्हणाले, "माझा जिना राहिलाय." पण गेले.

ती एका घराच्या गच्चीवर पत्र्याच्या खोलीत राहायची. अंगात एवढा ताप की हात लावला तर चटका बसला. डोळे पिवळे. ओठ फुटलेले. बाजूला डबा तसाच, आंबलेला. तिच्या खोलीतल्या पोरीनं रडत सांगितलं की सोमवारपासून पडली आहे, आणि हिचं कार्ड मीच लावते. का, तर बाप म्हणाला होता, गैरहजरचा एक जरी निरोप आला तर उचलून गावाकडं नेईन आणि लग्न लावून देईन. रेखानंच हातापाया पडून तिला कार्ड दिलं होतं.

मी तिला उचलून खाली आणलं. सर खाली रिक्षा घेऊन उभे होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, आणखी दोन दिवस काढले असते तर अवघड होतं. सर बाकड्यावर बसून एकच बोलत होते. "मंगळवारी दिसली नव्हती तेव्हा वाटलं, बुधवारी येईल. बुधवारी दुसऱ्या अर्ध्यांची पाळी. सोमवारी बी त्यांचीच. सगळी घेतली असती तर मंगळवारीच कळलं असतं."

"आता पुरे," मी म्हणाले. "पोरगी जिती हाय."

संध्याकाळपर्यंत क्लासवाल्याला घाम फुटला. बापाच्या फोनवर चार दिवसांचे चार निरोप होते, हजर, हजर, हजर, हजर. आणि पोरगी गच्चीवर तापात पडलेली. पुढच्या वर्षीचे प्रवेश चालू होते. त्यानं एक कागद तयार केला. त्यात लिहिलं होतं की गुरुवारी सकाळी वर्गातच पोरीला चक्कर आली आणि क्लासच्या माणसांनी ताबडतोब दवाखान्यात नेलं. खाली दोन सह्यांची जागा. सरांची आणि माझी.

"सर, तुम्ही माझे गुरू," तो म्हणाला. "मी तुमच्यावर दबाव आणतोय असं समजू नका. फक्त एवढं, की एप्रिलला करार संपतो."

सरांनी कागद दोनदा वाचला आणि परत टेबलावर ठेवला. "ती आज वर्गात नव्हती बाबा. मी नाव पुकारलं होतं."

मग त्यानं कागद माझ्याकडं सरकवला. "मावशी, तुम्ही?"

मी सही केली.

पुष्कळ वर्षं मी लोकांना सांगत आले की पोरीसाठी केली, बापानं तिला नेऊ नये म्हणून. ते खरं नाही. सुनेपुढं परत दिवसभर बसायचं माझ्या जिवावर आलं होतं. मला पेन्शन होती. ते काम गेलं असतं तरी माझं पोट चाललं असतं. सरांना काहीच नव्हतं. सही मी केली, त्यांनी नाही केली.

बाप शुक्रवारी आला. किनवटच्या पुढच्या तांड्यावरचा माणूस, रात्रभर प्रवास करून आलेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं क्लासवाल्याला सोडून मला विचारलं, "मावशी, तुम्ही बाईमाणूस. खरं सांगा. कधीपासून पडली होती?"

"कालपासून," मी म्हणाले. "वर्गातच चक्कर आली."

सर मागं उभे होते. ते पुढं आले. "सोमवारपासून, परसराम. तिच्यावर रागावू नका. माझी हजेरी अर्धी होती, म्हणून मला उशिरा कळलं."

परसराम माझ्याकडं बघायला लागला, मग सरांकडं. क्लासवाला त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सरांचं वय झालंय. दिवसांचा घोळ होतो त्यांचा." खाटेवर पोरगी जागी होती. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. परसरामनं मला हात जोडले. माझं त्याला पटलं होतं. पोरगी बरी झाल्यावर त्यानं तिला परत क्लासला ठेवलं.

एप्रिल संपला. जुनी बॅच संपली, मे मोकळा गेला. सरांना कुणी पत्र दिलं नाही, बोलावून काही सांगितलं नाही. जूनच्या पहिल्या दिवशी ते पावणेसातला आले, दाराला कार्ड लावलं. लाल दिवा लागला. परत लावलं. परत लाल. काचेवर तासांचा तक्ता चिकटवला होता. तो त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात त्यांचं नाव नव्हतं.

मी पायऱ्या झाडत होते. माझं कार्ड हिरवं झालं होतं.

"बघा आक्का," ते म्हणाले. "मशीन एकदाचं खरं बोललं. गैरहजर."

मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "सर, मला काहीतरी बोला. शिव्या द्या. मी तुमच्यासमोर खोटं बोलले."

ते पायरीवर बसले. पहिल्यांदाच त्यांचं वय मला दिसलं. "शाळेत असतो तर बोललो असतो," ते म्हणाले. "तिथं तुम्ही बी पक्क्या, मी बी पक्का. भांडलो तरी दुसऱ्या दिवशी दोघं तिथंच असायचो. हितं तुम्हाला बोलून मी जाऊ कुठं, आणि तुम्ही तरी कुठं?"

ते नांदेडला गेले. घराच्या पुढच्या खोलीत, बापाच्या दुकानाच्या फळ्या होत्या तिथं, शिकवण्या घ्यायला लागले. सात-आठ पोरं. आई गेली, मग काही वर्षांनी तेही गेले. मला उशिरा कळलं.

पण ते वारायच्या खूप आधीचं, त्याच जूनमधलं एक राहिलं. सर नांदेडला गेल्यावर आठवडाभरानं परसराम पोरीला घेऊन आला. बारावीचं वर्ष होतं. दारात मला बघून तो ओळखीचं हसला आणि म्हणाला, "मावशी, ते गाव पुकारणारे सर कुठं हायत? पोरगी म्हणते, त्यांच्या तासाला बसायचं. पैसे भरायच्या आधी त्यांना भेटतो."

पोरगी मान खाली घालून उभी होती. ठेकेदाराचा सुपरवायझर माझ्या मागं दारातच होता, आणि मला ते ठाऊक होतं.

"ते न्हाईत," मी म्हणाले. "त्यांना काढलं, ते नांदेडला घरी गेले. तुमची पोरगी सोमवारपासूनच पडली होती. सर खरं बोलले, म्हणून गेले. मी खोटं बोलले, म्हणून हाय."

परसरामनं पोरीकडं बघितलं. ती रडत होती, पण मान हलवून हो म्हणाली. मला वाटलं आता तिला गाडीत घालून गावाकडं नेईल. पण तो मला म्हणाला, "नांदेडात कुठं राहतात?"

मी पत्ता सांगितला. त्यानं पोरीची पेटी परत डोक्यावर घेतली आणि दोघं स्टँडकडं गेले.

सुपरवायझर म्हणाला, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

शाळेत मला एक दिवसाची रजा पाहिजे असली तरी कागद लागायचा. मी त्याला विचारलं, "कागद?"

"कसला कागद, मावशी?" तो म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

झाडू माझा स्वतःचा होता. कंत्राटात झाडू मिळत नाही, घरून आणावा लागतो. उरलेल्या चार पायऱ्या तशाच सोडल्या, झाडू उचलला आणि सुनेकडं निघाले.